टबातला मासा

डिसेंबरात बियाविस्तोकमध्ये
आमच्या इमारतीत तीन दिवस आंघोळी बंद असत,
कारण टबात कार्प पोहत असे,
नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणासाठी
रांगेत उभं राहून जिवंत आणलेला.

त्या वर्षी दोब्रावाने माशाला नाव ठेवलं,
समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं: युझेबिउश.
आणि मग घरादाराने तिला नावं ठेवली.

गेनोवेफा मावशी म्हणाली, लाडावलीय.
बाबा म्हणाले, तोंडावर गार पाणी मारा.
डॉक्टर म्हणाले, वय वाढलं की निवळेल,
जणू ती गढूळ होती.
शाळेतल्या समुपदेशक बाईंनी फाइल उघडली,
आवाज खाली आणला:
असामान्य मुलं अशीच असतात हो,
आधी मोडतात, मग आपोआप वर चढतात.
आईने त्यातलं 'आपोआप' तेवढं
पर्समध्ये घडी घालून ठेवलं,
साखरेच्या कुपनांशेजारी.

दोब्रावा आतून कडी लावून बसलेली.
मी बाहेर, दाराला पाठ टेकून,
मांडीवर भूमितीची वही.
प्रांतात पहिला आलो होतो मी,
आणि रडत नव्हतो,
त्यामुळे माझ्याकडे कोणी पाहायचं कारण नव्हतं.
हुशार तो मी, हळवी ती ती:
दोन डबे, घट्ट झाकणांचे, एका फळीवर.
बाईंनी तिचा डबा उचलून
त्यावर माझी चिठ्ठी चिकटवली, इतकंच.
खरं सांगायचं तर गणितात ती काठावर पास व्हायची,
चित्रं बरी काढायची, बाकी काही नाही.
रडण्यामागे हुशारी असावीच लागते का?
आणि हुशारीला ओले डोळे?
हे मी तेव्हा विचारलं नाही.
मी शेपटीचे फटके मोजत होतो.
दाराच्या फळीतून ते माझ्या पाठीत यायचे,
एक, मग बराच वेळ काही नाही,
मग लागोपाठ तीन.

संध्याकाळी बाबांनी स्क्रू ड्रायव्हरने कडी काढली.
पुढचं सांगत नाही.
मी सुटलेलं गणित खोडून टाकलं,
कागद फाटेपर्यंत.

एकोणिसाव्या वर्षी ती खरोखर मोडली.
अकरा आठवडे शहराबाहेरच्या इस्पितळात.
आई दर रविवारी सफरचंदं नेई
आणि परतताना बसच्या काचेतून पाहत राही,
अजून वर कशी चढत नाही ही.
आपोआप काही झालं नाही.
बुटाचे बंद बांधणं झालं.
एका बाईला रोज पत्र वाचून दाखवणं झालं,
तेच पत्र, तीच बाई.
काय आपलं आणि काय नको
हे ती निवडत राहिली, तांदळातले खडे निवडावेत तसं,
आणि खडे संपले असं अजून तरी
तिच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता ती आपत्कालीन फोनवर रात्रपाळी करते.
मी एकदा तिथे बसून ऐकलं:
कुणाचं तरी घर पेटलेलं, बाई किंचाळतेय,
आणि माझी बहीण, जिला सगळ्यांनी नाजूक ठरवलं,
म्हणत होती, मी आहे. कितवा मजला?
आवाजाला चरा नाही.
पाळी संपली की जिन्यात बसते,
हातमोजे न काढता, दहा मिनिटं,
कधी चाळीस.
निवळलेली नाही. डॉक्टर वारले, नाहीतर कळवलं असतं.

गेल्या नाताळात कार्प सुपरमार्केटमधून आला,
कापलेला, प्लास्टिकमध्ये.
आई झोपल्यावर भांडी पुसता पुसता
दोब्रावाने सहज विचारलं,
तुला आठवतो का तो, पोस्टमास्तर?
एकशे बारा, मी म्हणालो.
काय एकशे बारा?
फटके. मोजले होते मी. दाराबाहेर बसून.

तिने हातातली बशी
परत पाण्यात ठेवली, पुसलेली होती तरी.
बराच वेळ नळ वाहत राहिला.
मग म्हणाली,
मला वाटायचं बाहेर कोणीच नाहीये.